पहारीतला कावळा

भुसावळहून जळगावला येताना भादलीच्या अलीकडे पॅसेंजर थांबली होती. भादली म्हटलं की मराठी माणसाला बालकवी आठवतात. 5 मे 1918 रोजी ते इथेच रुळांवर गेले. पण त्या दिवशी डब्यात विषय निघाला तो दुसराच. शेजारच्या लायनीवर गँगचं काम चाललं होतं. पाच-सहा गडी खांद्यावर पहारी घेऊन एका रांगेत उभे राहिले, त्यांच्या मुकादमाने, म्हणजे मेटाने, आरोळी दिली, पहारी रुळाखाली गेल्या आणि सगळ्यांनी एका दमात रेटा दिला. समोर बसलेले एक वयस्कर गृहस्थ खिडकीतून पाहत म्हणाले, “इंग्रज याला क्रोबार म्हणतात. त्यातला ‘बार’ म्हणजे आपली ‘पहार’च. प-चा ब झाला, ह गळाला, झालं!” दोघा-तिघांनी माना डोलावल्या. एक जण तर म्हणाला, “आपल्याकडूनच गेलं सगळं.”

मी तेव्हा काही बोललो नाही. चालत्या गाडीत व्युत्पत्तीवर वाद घालू नये आणि थांबलेल्या गाडीत तर मुळीच घालू नये. ती कधी सुटेल याचा नेम नसतो. पण तो ‘बार’ डोक्यातून जाईना. त्या गृहस्थांचं चुकलं होतं हे खरं. इंग्रजीतला ‘बार’ जुन्या फ्रेंचमधल्या ‘बार’वरून आला आणि त्याचा मागोवा उत्तरकालीन लॅटिनपर्यंत लागतो. वाटेत खानदेश कुठेच लागत नाही. तरी मला त्यांचा राग आला नाही. शब्द हातात घेऊन तो कुठून आला असेल असं विचारणारा माणूस भेटतोच किती वेळा? माझी तक्रार निराळी आहे. त्यांनी पहार कानाने ऐकली, डोळ्याने पाहिली नाही. खिडकीबाहेर वीस हातांवर दिसत असूनही पाहिली नाही.

त्या इंग्रजी शब्दापासूनच सुरुवात करतो. त्यातला ‘क्रो’ म्हणजे सरळसरळ कावळा. चौदावं शतक संपून पंधरावं लागताना या लोखंडी हत्याराला इंग्रजीत नुसतं ‘क्रो’ म्हणू लागले होते. त्यात ‘बार’ नव्हताच. हत्याराचं टोक कावळ्याच्या चोचीसारखं किंवा पायासारखं दिसे, म्हणून ते नाव. शेक्सपिअरच्या ‘कॉमेडी ऑफ एरर्स’मध्ये स्वतःच्याच घराचं दार बंद झालेला मालक ते फोडायला ‘क्रो’ मागवतो, तेव्हा नोकर बिनपिसांचा कावळा हवा का, असा विनोद करतो. हा विनोद मराठीत आणायचा म्हटलं तर हात टेकावे लागतात, कारण आपल्या पहारीत कावळा नाही. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्येही एक पाद्री थडगं उघडायला लोखंडी ‘क्रो’ मागतो. ‘क्रोबार’ हा जोडशब्द त्यानंतर दीडशे वर्षांनी, अठराव्या शतकाच्या मध्याला दिसू लागतो.

मग हा ‘बार’ लागला कशाला? शब्दाचा पहिला भाग लोकांना पुरेनासा झाला की ते मागून टेकू लावतात. आपण ‘पिवळा पीतांबर’ म्हणतो, ‘गाईचं गोमूत्र’ म्हणतो आणि हसतो. ‘पावरोटी’ म्हणताना मात्र हसत नाही, कारण पोर्तुगीजांच्या भाषेत पाव म्हणजेच रोटी हे विसरून गेलेलो असतो. इंग्रजांचंही तेच झालं. नुसतं ‘कावळा’ म्हटलं तर पक्षी की हत्यार असा घोळ व्हायला लागला, म्हणून ‘कावळा-दांडा’ झाला. रेल्वेतलाच दुसरा शब्द घ्या, स्लेजहॅमर, म्हणजे आपला घण. त्यातला ‘स्लेज’ हा जुन्या इंग्रजीतला मोठ्या हातोड्याचाच शब्द. बर्फावरच्या घसरगाडीशी त्याचा काही संबंध नाही. तेव्हा स्लेजहॅमर म्हणजे हातोडा-हातोडा. पावरोटीचा सख्खा भाऊ.

आता हत्याराकडे नीट पाहू. इंग्रजांना टोकाशी कावळा दिसला. जर्मनांना त्याच हत्यारात गाईचा पाय दिसला, फ्रेंचांना हरिणीचा, स्पॅनिश लोकांना बकरीचा. त्या त्या भाषेत नावंही तशीच आहेत. चार देशांना चार प्राणी दिसले, पण तिघांनी पाय पाहिला, आणि तोही दुभंगलेल्या खुराचा. याचं कारण त्या हत्यारातच आहे. युरोपातल्या या दांड्याचं टोक वाकवून मधून चिरलेलं असतं, खिळ्याचं डोकं त्या चिरेत पकडून उपटायला. आपली पहार तशी नसते. ती सरळ. एका टोकाला पाती, दुसऱ्या टोकाला अणी किंवा नुसताच बोथट गोल. विहिरीचा खडक फोडायला, कुंपणाचा खड्डा घ्यायला, दगड उलथवायला ती वापरतात. तिला खूर नाही, म्हणून तिच्या नावात प्राणी नाही. तिच्यात दिसण्यापेक्षा ऐकू येतो तो घाव. संस्कृतातल्या ‘प्रहारा’चं प्राकृतात ‘पहार’ होतं. घावावरून घाव घालणाऱ्या वस्तूचं नाव पडणं भाषेत नवं नाही. ही वाट पटण्याजोगी आहे. आणि ती पटते ती उच्चार जुळतो म्हणून नव्हे, तर हत्याराचं काम जुळतं म्हणून.

गंमत अशी की मराठीत त्या वाकड्या, चिरलेल्या टोकाच्या दांड्यालाही शब्द आहे: कटावणी. तो शेतात ऐकू येत नाही, वर्तमानपत्रात येतो. ‘कटावणीने कडीकोयंडा उचकटून’ हे घरफोडीच्या बातमीतलं ठरलेलं वाक्य. हल्ली त्याच जागी ‘लोखंडी टॉमी’ दिसायला लागली आहे. शेतकऱ्याची ती पहार, रेल्वेच्या हिंदी-मराठी मिसळीत तीच सब्बल, चोराची कटावणी आणि गॅरेजवाल्याची टॉमी. शहाणा कोशकार हे चार शब्द एका ओळीत समानार्थी म्हणून लावणार नाही. ती चार माणसं आहेत.

प्राण्यांचा विषय निघालाच आहे तर रुळांवरचे आणखी दोन पाहून घेऊ. लाकडी सिलिपाटावर रूळ ठोकून बसवायचा जो जाड खिळा असे, त्याला इंग्रजीत ‘डॉग स्पाइक’ म्हणतात. त्याच्या डोक्याला दोन बाजूंनी कानांसारखे उंचवटे असत, त्यामुळे ते कुत्र्याच्या तोंडासारखं दिसे. हा कुत्रा खरा. दोन रुळांचा सांधा ज्या लोखंडी पट्ट्यांनी जोडतात ती ‘फिशप्लेट’. अपघाताच्या बातम्यांमुळे हा शब्द गावोगाव पोचला आहे. हा मासा मात्र खोटा. विल्यम ब्रिजेस अ‍ॅडम्स या इंग्रज अभियंत्याने 1840च्या दशकात ही जोडणी शोधली आणि 1847मध्ये तिचं पेटंट घेतलं. नाव आलं जहाजांवरून. तडकलेल्या डोलकाठीला जी लाकडी फळी बांधत, तिला खलाशी ‘फिश’ म्हणत, आणि तो शब्द बहुधा फ्रेंचमधल्या ‘घट्ट रोवणे’ या अर्थाच्या क्रियापदातून निघालेला. त्यात पाणी आहे, जहाज आहे, मासा तेवढा नाही. आपल्या मांजरपाटात जसं मांजर नाही तसंच. त्याचा ‘मादरपाट’ हा उच्चार ऐकला की वाट मद्रासकडे वळते. म्हणजे एकाच रुळावर कावळा खरा, कुत्रा खरा आणि मासा खोटा. तिन्ही नावं कानाला सारखीच वाटतात. खरं-खोटं ठरवायला कान उपयोगी पडत नाही. तिथे जुना उल्लेख लागतो, तारीख लागते आणि ती वस्तू प्रत्यक्ष पाहावी लागते.

हे सगळं खानदेशात बसून लिहिताना एक नाव टाळताच येत नाही. भुसावळला आगगाडी 1860च्या दशकात आली आणि गाव रेल्वेचंच होऊन गेलं. धुळ्याला मुख्य लाइन मिळालीच नाही, चाळीसगावहून एक फाटा तेवढा गेला. पण धुळ्याला राजवाडे मिळाले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आयुष्याच्या शेवटी तिथे राहिले आणि 31 डिसेंबर 1926 रोजी तिथेच वारले. त्यांची दप्तरं सांभाळायला 1927मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. मराठी धातूंचा कोश आणि नामादी शब्दांचा व्युत्पत्तिकोश ही त्यांची कामं त्यांच्या मागे याच मंडळाने छापली. मला हा योगायोग फार आवडतो: एका गावात हत्यारांची कोठारं, दुसऱ्या गावात शब्दांचं, आणि दोन्हींच्या मध्ये जळगाव.

राजवाड्यांच्या व्युत्पत्तींवर मात्र जपून चालावं लागतं, हे त्यांच्या भक्तांनी रागावून का होईना ऐकावं. जुनी पत्रं समोर ठेवून मराठीत फारसी शब्द किती, हे मोजायला बसणारा हा माणूस. पुराव्याशिवाय पाऊल टाकू नये हे महाराष्ट्राला त्यांनीच शिकवलं. पण शब्दाचं मूळ शोधायला बसले की तेच राजवाडे पुष्कळदा थेट पाणिनीच्या अंगणात उतरत. मधली प्राकृताची, लोकबोलीची, परक्या भाषांची स्टेशनं त्यांना दिसत नसत. पुढे कृ. पां. कुलकर्ण्यांनी 1946च्या ‘मराठी व्युत्पत्तिकोशा’त तौलनिक शिस्त आणली. त्याहीपुढे आपल्याकडे दुसरं टोक आलं. पु. ना. ओकांनी व्हॅटिकन म्हणजे आपली ‘वाटिका’ असं सांगितलं आणि ते ऐकून सुखावणारे हजारो निघाले. भादलीजवळचे ते गृहस्थ याच सुखाचे धनी होते. राजवाड्यांचं चुकलं तरी ते मेहनतीचं चुकणं होतं. ओकांच्या वाटेवर मेहनतीची गरजच नाही, अभिमान असला की पुरे.

आणि वाईट याचं वाटतं की खरी नाती खोट्यांपेक्षा कितीतरी चमत्कारिक असतात. ‘घण’ संस्कृत ‘घन’वरून आला. वेदात घन म्हणजे ठोकणारा, मारणारा सोटा, आणि धातू हन्, म्हणजे मारणे. इंग्रजीतल्या स्लेजहॅमरचा ‘स्लेज’ही मारणे याच अर्थाच्या, पण वेगळ्या धातूतून आला. अर्थ जुळतो, कूळ जुळत नाही. आता इंग्रजीतला ‘गन’ घ्या. विंडसरच्या किल्ल्यातल्या 1330च्या सुमाराच्या शस्त्रांच्या यादीत एका अवजड यंत्राचं नाव ‘गुनिल्डाबाई’ असं नोंदलेलं आहे. गुनहिल्ड हे उत्तरेकडचं बाईचं नाव, त्यातल्या ‘गुन’चा अर्थ युद्ध, आणि ते ‘गुन’ ज्या मूळ धातूतून आलं तोच आपला हन्. बंदुकीचं ‘गन’ हे नाव त्या गुनिल्डावरूनच पडलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे लोहाराच्या भात्याशेजारचा घण आणि शिपायाची गन हे लांबचे भाऊबंद ठरतात. ‘पहार’ आणि ‘बार’ इतके सारखे दिसूनही कोणी नाहीत. ‘घण’ आणि ‘गन’ मात्र एका कुळातले. हेही उच्चार जुळतो म्हणून नव्हे. मधली प्रत्येक पायरी दाखवता येते म्हणून.

गुनिल्डाबाईंमुळे आणखी एक दार उघडतं. इंग्रजांना हत्याराला माणसाचं नाव द्यायची खोडच आहे. गाडी उचलतो तो जॅक, सूत कातते ती जेनी, चोराचा दांडा जेमी, पान्याच्या भोकात घालायची सळी टॉमी. जॅक हे इंग्लंडातल्या कुठल्याही पोऱ्याचं नाव. राबणाऱ्याला मालक स्वतःचं नाव ठेवू देत नाही. मुंबईच्या घरांतून गड्याचं नाव काहीही असलं तरी तो ‘रामा’च असे, हे आपल्याला सांगायला नको. पोऱ्याचं काम यंत्र करू लागलं तेव्हा पोऱ्याचं नावही यंत्राकडे गेलं. मराठीने यातला जॅक घेतला आणि त्याला बढती दिली. आता ‘जॅक लावला’ म्हणजे बदली झाली!

याच ओळीत रेल्वेचं एक हत्यार आहे, त्याचं नाव ‘जिम क्रो’. रेल्वेच्या हत्यारांच्या यादीत ते पहारीपासून फार लांब नसतं. जाड लोखंडी धनुष्यासारखं त्याचं अंग. दोन टोकांच्या आकड्यांत रूळ अडकवायचा आणि मधला स्क्रू आवळत जायचा. साठ किलोचा रूळ म्हणजे मीटरला साठ किलो, तेरा मीटरचा एक तुकडा पाऊणशे मणांच्या नव्हे तरी पाऊण टनाच्या वरचा. तो या धनुष्यात हळूहळू वाकतो किंवा वाकलेला सरळ होतो. नावात पुन्हा ‘क्रो’ पाहून कोणालाही वाटेल की हा क्रोबारचाच धाकटा भाऊ. उलटही वाटतं. अमेरिकेतल्या वर्णभेदाच्या कायद्यांना ‘जिम क्रो’ म्हणत हे ज्याला ठाऊक आहे, त्याला क्रोबार या शब्दातच कृष्णवर्णीयांचा अपमान ऐकू येऊ लागतो.

इथे तारखाच कामाला येतात. ‘जिम क्रो’ हे टॉमस राइस या गोऱ्या नटाने तोंडाला काळं फासून रंगवलेलं सोंग. 1830च्या आसपास त्याच्या गाण्याने अमेरिका आणि मग इंग्लंड वेडं झालं. कावळा-दांडा त्याआधी चारशे वर्षांचा. तेव्हा क्रोबार त्या पापातून मोकळा. रूळ वाकवणाऱ्या हत्याराला मात्र तसं मोकळं करता येत नाही. राइसच्या गाण्यात गिरकी घेऊन वळण्याचा ठेका होता. इंग्लंडातला यंत्रकार व्हिटवर्थ याच्या रंधायंत्रात पातं दर फेरीला वळून दोन्ही दिशांनी कापत असे, आणि त्यालाही जिम क्रो हेच नाव पडलं होतं. वळणं आणि वळवणं हा धागा तिथून रूळ वळवणाऱ्या हत्यारापर्यंत पोचतो. इथे काळ जुळतो, अर्थ जुळतो, मधली पायरीही सापडते.

आणि रेल्वेशी या नावाचं नातं एका हत्यारापुरतं नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना वेगळं बसवायच्या डब्याला 1840च्या आसपासच ‘जिम क्रो कार’ म्हणू लागले होते. लुइझियानात होमर प्लेसी 1892मध्ये गोऱ्यांच्या डब्यात जाऊन बसला, त्याचा खटला वरच्या कोर्टापर्यंत गेला, आणि 1896मध्ये वेगळे डबे कायदेशीर ठरले. आपल्या गाड्यांत जातीचा डबा नव्हता, हे खरं. पण फलाट संपला की काय होतं, हे चाळीसगावने 1929मध्ये दाखवलं. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून डॉ. आंबेडकर खानदेशात आले होते. धुळे फाट्यावरच्या एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. अस्पृश्यांच्या वस्तीवर न्यायला टांगेवाला तयार होईना. टांगा देतो, पण हाकणार नाही, असं ठरलं. हाकायला बसला तो वस्तीतलाच, सवय नसलेला माणूस. नदीच्या फरशीवर बाबासाहेब टांग्यातून फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. त्यांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. आगगाडीने त्यांना चाळीसगावपर्यंत इतरांसारखंच आणलं होतं.

मग त्या हत्याराचं नाव बदलावं का? माझं मत आहे, इंग्रजीत बदलावं, आणि इंग्रजी बोलणाऱ्यांनी ‘रूळ वाकवणारं’ असं साधं नाव वापरायला हरकत नाही. भुसावळच्या गँगमनला मात्र या नावावरून कोणी शहाणपण शिकवू नये. त्याच्या तोंडी ते नाव म्हणजे एक जड धनुष्य आहे, उचलताना कंबर सांभाळायची वस्तू आहे. शब्दाचं मूळ हा इतिहास आहे, बोलणाऱ्यावरचा आरोप नव्हे. त्याचप्रमाणे मूळ आपल्याकडचं निघालं म्हणून ती बोलणाऱ्याची कमाईही नव्हे. मूळ कुठलं हे ठरवताना मनात लाज असो की अभिमान, दोन्ही पारडं हलवतात.

आणि नोंदच नसली तर काय होतं, तेही पाहा. अमेरिकेतल्या रुळांवरच्या मजुरांना ‘गँडी डान्सर’ म्हणत. गँडी नावाच्या शिकागोच्या कारखान्याची हत्यारं ते वापरत, म्हणून ते नाव, असं पुस्तकांतून वर्षानुवर्षं छापलं गेलं. शोधणाऱ्यांनी शोधलं, पण असा कारखाना कोणालाच सापडला नाही. तिथे कोण कशाला काय म्हणत होतं, हे वेळेवर टिपून ठेवणारं कोणी नव्हतं, आणि रिकाम्या जागेत कारखाना उभा राहिला.

आपल्याकडे टिपून ठेवायची ती वेळ आता आली आहे. सिलिपाटाखाली खडी ठासायचं बीटर नावाचं हत्यार यंत्राने मागे टाकलं, लाकडी सिलिपाट सिमेंटचे झाले, डॉग स्पाइकच्या जागी वळलेल्या क्लिपा आल्या. रेल्वेच्या कामात आपलेही शब्द इंग्रजीत गेले आहेत. रेल्वेच्या इंग्रजी नियमपुस्तकात फावड्याला ‘फावडा’च म्हटलेलं आढळतं, फक्त स्पेलिंग इंग्रजांचं. चाबीवाला, मेट, सांधेवाला म्हणून निवृत्त झालेली माणसं भुसावळ, पाचोरा, चाळीसगाव, अमळनेर इथे घरोघर आहेत. आपल्या घरात असं कोणी असेल तर एक वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. हत्याराचं नाव ते म्हणतात तसंच लिहा, दुरुस्त करू नका. शेजारी हत्याराचं चित्र काढा, त्याने काय करत ते लिहा, आणि पानावर तारीख टाकायला विसरू नका.